पटलं नाही, हे इंग्रजीत सांगायचं कसं? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे. इंग्रजीत बोलताना समोरच्याचं पटलं नाही, तर त्याला न दुखावता ते सांगायचं कसं? अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना आणि आता घरी संध्याकाळचे वर्ग घेतानाही हा प्रश्न मला सतत भेटतो. व्याकरण चुकलं तर समोरचा सावरून घेतो, सूर चुकला तर तो मनात ठेवतो. म्हणून आजचं सगळं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी मूळची धडगाव तालुक्यातली. शहाद्याला मामांकडे राहून शिकले, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात एका कंपनीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये विषय होता, खेड्यांत ऑनलाइन शिक्षण यशस्वी होईल का. एक मुलगा म्हणाला, आता प्रत्येकाकडे फोन आहे, अडचण कसलीच नाही. आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. मी लगेच म्हटलं, ‘नो, यू आर राँग.’ सगळे गप्प झाले. नंतर सांगण्यात आलं, ‘यू साउंडेड अ‍ॅग्रेसिव्ह.’ मी खरं तेच बोलले होते, मग बिघडलं कुठे?

तुझं म्हणणं अजिबात चुकलेलं नाही. त्या खोलीत हा विषय तुझ्याइतका जवळून कुणी पाहिला नसेल. बिघडलं ते एवढंच, की ‘यू आर राँग’ या वाक्याने मुद्दा बाजूला राहिला आणि तो मुलगा चुकीचा ठरला. मराठीत आपण ‘तुझं चुकतंय’ म्हणतो तेव्हा आधी ‘अरे’, ‘हे बघ’, ‘तसं नाही गं’ असं काहीतरी आपसूक येतं. आवाजही खाली येतो. इंग्रजी बोलताना सगळं लक्ष शब्द जुळवण्यात असतं, त्यामुळे हा लवाजमा मागे राहतो आणि नुसता दगड पुढे जातो.

इंग्रजीतही असा लवाजमा असतोच. अनिता पोमेरांट्झ या अमेरिकन संशोधिकेने माणसांची रोजची संभाषणं ध्वनिमुद्रित स्वरूपात तपासली आणि १९८४ मध्ये आपले निष्कर्ष छापले. माणूस सहमत असतो तेव्हा उत्तर ताबडतोब येतं, कधी समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच. असहमत असतो तेव्हा मात्र आधी क्षणभर थांबतो, मग ‘वेल’ किंवा ‘अं’ येतं, मग थोडीशी सहमती येते आणि नकार सगळ्यात शेवटी, तोही सौम्य करून. तू नकार सगळ्यात आधी आणि सगळ्यात वेगाने दिलास. कानाला तो थप्पड लागल्यासारखा लागला.

आता तोच मुद्दा असा मांडून बघ : ‘दॅट्स ट्रू फॉर मेनी व्हिलेजेस. आय अ‍ॅम नॉट शुअर इट्स ट्रू एव्हरीव्हेअर, दो. इन माय व्हिलेज, इन द सातपुडा हिल्स, स्टुडंट्स क्लाइंब अ हिल टू गेट अ सिग्नल.’ यातलं शेवटचं वाक्य तुझी खरी ताकद आहे. त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. पहिली दोन वाक्यं फक्त त्याच्यासाठी वाट करून देतात. ‘आय अ‍ॅम नॉट शुअर’ म्हटलं म्हणजे आपल्याला खात्री नाही असा त्याचा अर्थ होत नाही. इंग्रजीत ती नकाराची रुळलेली रीत आहे आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर कळते.

आणखी एक सवय लावून घे. ‘आय थिंक इट इज नॉट पॉसिबल’ यापेक्षा ‘आय डोंट थिंक इट्स पॉसिबल’ हे इंग्रजी कानाला सहज आणि मऊ वाटतं. नकार ‘थिंक’बरोबर आला की तो आपल्या मतापुरता राहतो. आपली मुलं मराठीतून विचार करतात, ‘मला वाटतं हे शक्य नाही’, म्हणून नकार नेमका मागे पडतो.

आणि ‘यस, बट’ जपून वापर. समोरच्याचं अर्धवट ऐकून ‘यस यस, बट’ केलं की तो ‘यस’ खोटा आहे हे लहान मूलही ओळखतं. त्याने म्हटलेल्या गोष्टीतला एखादा नेमका शब्द उचलून मान्य कर. ‘यू आर राइट दॅट फोन्स आर चीपर नाउ.’ मग थांब. मग तुझं सांग. बोलायला संधीच मिळत नसेल, तर ‘कुड आय अ‍ॅड समथिंग हिअर?’ एवढं पुरतं. कुणी मध्येच तोडलं तर आवाज न चढवता ‘इफ आय कुड जस्ट फिनिश’ म्हणायचं आणि खरोखर पुढे बोलत राहायचं. त्यानंतर गप्प बसायचं नाही. पुढच्या मुलाखतीत गप्प राहून नम्र दिसण्याचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. तुझ्या पाड्यावरची गोष्ट त्या खोलीत दुसरं कोण सांगणार होतं?

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत आहे. आमच्याकडे देशभरातून बदलून आलेले लोक आहेत, त्यामुळे मीटिंग इंग्रजी-हिंदीत होते. मी ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ म्हणतो, सगळेच म्हणतात. मुलगी म्हणते चूक आहे. कोण बरोबर?

मुलगी. ‘अ‍ॅग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘अ‍ॅम’चा टेकू लागत नाही. ‘आय अ‍ॅग्री.’ नकारात ‘आय डोंट अ‍ॅग्री’, प्रश्नात ‘डू यू अ‍ॅग्री?’ माणसाशी किंवा त्याच्या मताशी सहमत असाल तर ‘अ‍ॅग्री विथ’. एखादा प्रस्ताव मान्य केलात तर ‘अ‍ॅग्री टू’. दोघांनी मिळून काही ठरवलं तर ‘अ‍ॅग्री ऑन’. ‘आय अ‍ॅग्री विथ यू, बट आय कान्ट अ‍ॅग्री टू धिस रोस्टर’ हे वाक्य तुम्हाला ड्यूटीच्या मीटिंगमध्ये नक्की उपयोगी पडेल.

मीटिंगमध्ये सारखं ‘आय अ‍ॅग्री, आय अ‍ॅग्री’ म्हटलं की त्याला वजन राहत नाही. ‘एक्झॅक्टली’, ‘दॅट्स अ गुड पॉइंट’, ‘आय थॉट द सेम’ अशी फिरवाफिरव करा. कुणी म्हणालं ‘आय डोंट लाइक नाइट ड्यूटी’, तर त्याला ‘मी टू’ नाही, ‘मी नायदर’ किंवा ‘नायदर डू आय’ म्हणायचं. वाक्य नकाराचं असेल तर सहमतीसुद्धा नकाराच्या रूपातच द्यायची.

प्रश्न : ताई, रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मी आणि चुलतभाऊ मिळून आखातात माल पाठवतो. भाव, पेमेंट इथपर्यंतचं इंग्रजी जमतं. पण तिकडचा व्यापारी फोनवर म्हणाला, ‘युअर फ्रूट इज बॅड, कलर नॉट कमिंग’, की मी एक तर गप्प बसतो नाहीतर भांडतो. गप्प बसलं की पैसे कापतो, भांडलं की पुढची ऑर्डर जाते. मधला रस्ता कोणता?

भाऊ, आधी एक शब्द सोडवून घेऊ, कारण पैसा बहुतेक वेळा तिथेच जातो. तक्रार ऐकल्याबरोबर आपल्या तोंडून ‘सॉरी सर, सॉरी’ निघतं. आपल्याला ते सौजन्य वाटतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला मात्र ती कबुली होऊ शकते. म्हणून पूर्ण वाक्य बोला : ‘आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट.’ म्हणजे असं झालं हे ऐकून वाईट वाटलं. चूक कुणाची, हे यात कुठेच येत नाही. ‘आय अ‍ॅम सॉरी, इट्स अवर मिस्टेक’ हे फक्त चूक खरोखर आपली असेल तेव्हाच.

दुसरी पायरी प्रश्नाची. तुम्ही लगेच ‘नो, अवर फ्रूट वॉज गुड’ म्हटलंत की दोघं समोरासमोर उभे राहता. त्याऐवजी विचारा : ‘कुड यू टेल मी व्हॉट एक्झॅक्टली यू आर सीइंग? इज इट ऑल द बॉक्सेस ऑर सम ऑफ देम?’ तेरा किलोच्या किती पेट्या खराब आहेत, फण्यांवर डाग आहेत की साल मळकट पडलीय, फळ पिकतच नाही की आधीच पिकून आलं, हे आधी त्याच्या तोंडून येऊ द्या. मग : ‘कुड यू सेंड सम फोटोज अँड द टेम्परेचर रेकॉर्ड ऑफ द कंटेनर?’ हे विचारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही आणि यात कुणाला दोषही लागत नाही.

केळीचं तुम्ही मला शिकवाल, तरी बोलायला लागणारी गोष्ट एवढीच, की हिरवी केळी साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवून पाठवतात. त्याखाली गारठा लागला तर सालीखाली तपकिरी रेघा येतात, साल राखाडी, निस्तेज होते आणि पिकवायला लावल्यावर तो तजेलदार पिवळा रंग येतच नाही. म्हणजे ‘कलर नॉट कमिंग’चं कारण तुमच्या बागेत असेल, पॅक हाउसमध्ये असेल, प्रवासात असेल किंवा त्याच्या पिकवण घरातही असू शकतं. हे तुम्हाला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आता हे न भांडता सांगायचं.

तिसरी पायरी इथे येते आणि ती सगळ्यात कामाची. वाक्यातून ‘यू’ काढून टाका. ‘यू डिड नॉट मेंटेन टेम्परेचर’ हा आरोप झाला. ‘इट लुक्स लाइक द टेम्परेचर वेंट बिलो थर्टीन अ‍ॅट सम पॉइंट’ हे निरीक्षण झालं. गोष्ट तीच, पण दुसऱ्या वाक्यात कुणी आरोपी नाही. ‘यू पेड लेस’ याऐवजी ‘द पेमेंट सीम्स टू बी शॉर्ट’. ‘यू सेड फ्रायडे’ याऐवजी ‘आय अंडरस्टूड इट वॉज फ्रायडे’. समोरच्याला मागे फिरायला जागा राहते आणि बहुतेक माणसं जागा मिळाली की फिरतात.

सगळं जोडून फोन असा होईल. तो म्हणेल, फ्रूट बॅड. तुम्ही : ‘आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट. आय अंडरस्टँड इट्स अ प्रॉब्लेम फॉर यू.’ एक श्वास. ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली, दो. व्हेन वी लोडेड, द फ्रूट वॉज ग्रीन अँड फर्म. वी हॅव फोटोज. धिस काइंड ऑफ कलर युजुअली कम्स फ्रॉम कोल्ड. कुड वी लुक अ‍ॅट द टेम्परेचर रेकॉर्ड टुगेदर बिफोर वी टॉक अबाउट द प्राइस?’ शेवटच्या वाक्यातले ‘टुगेदर’ आणि ‘बिफोर’ हे शब्द सोडू नका. पहिल्याने तुम्ही दोघं एका बाजूला येता, दुसऱ्याने भावाची कपात पुराव्याच्या मागे ढकलली जाते.

रेकॉर्ड पाहून दोष तुमच्या मालाचा निघाला, तर तेही याच आवाजात मान्य करा : ‘यू आर राइट, दॅट वॉज अवर साइड.’ एकदा असं बोललात की पुढच्या वेळी तुमच्या ‘आय सी इट डिफरंटली’ला किंमत येते. फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळी पाठवा : ‘जस्ट टू कन्फर्म व्हॉट वी डिस्कस्ड टुडे...’ आणि जे ठरलं ते लिहा. फोनवरचा शब्द हवेत जातो.

आवाज चढला तर? चढू द्या, त्याचा. तुम्ही म्हणा, ‘आय वुड लाइक टू चेक अँड कॉल यू बॅक इन वन अवर’, आणि एका तासात खरंच फोन करा. भावकीच्या बैठकीत चिडलेल्या माणसाला आपण पाणी देतो, चहा येऊ देतो. हा एक तास त्यासाठीच.

प्रश्न : चाळीसगावहून लिहिते. माझी नातवंडं कॅनडात वाढली, त्यांना मराठी समजतं पण बोलतात इंग्रजी. नात व्हिडिओ कॉलवर विचारते, ‘आजी, डोंट यू लाइक इट?’ मी म्हणते ‘यस’, तर ती खट्टू होते. मला तर तिचं चित्र आवडलेलं असतं! माझं काय चुकतं?

आजीबाई, तुमचं इंग्रजी ठीकच आहे. मला वाटतं, इथे बोलण्यापेक्षा मान आड येतेय. तुम्ही ‘यस’ म्हणताना मान डावी-उजवीकडे हलवत असाल. आपल्याकडे तो होकार, तिकडे वाढलेल्या मुलीला तो नकार दिसतो. हलणाऱ्या चित्रात शब्दापेक्षा मान आधी पोचते. मान वर-खाली हलवा, हसा आणि नुसतं ‘यस’ न म्हणता ‘यस, आय लाइक इट!’ असं पूर्ण म्हणा.

उलट्या प्रश्नाचा घोळ मात्र दुसरीकडे होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. ‘यू डोंट लाइक इट?’ असं तिने विचारलं आणि तुम्हाला खरंच आवडलं नसेल, तर मराठीत आपण म्हणू, ‘हो, नाही आवडलं.’ तिच्या वाक्याला होकार. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे आवडलं नसेल तर प्रश्न कसाही असो, ‘नो’च म्हणायचं : ‘नो, आय डोंट.’ आणि आवडलं असेल तर ‘यस, आय डू.’ विचारणाऱ्याचा रोख बघायचा नाही, आपली गोष्ट काय आहे ते बघायचं.

नातीचं एखादं चित्र आवडलं नाही हे तिला सांगायचं असलं, तर ‘आय लाइक द अदर वन मोर’ म्हणा. दोन चित्रं जवळ ठेवली की तिला कळतं आणि लागत नाही.

प्रश्न : मी जळगावातून घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो, टीम लंडनला आहे. मॅनेजर म्हणाली, ‘कॅन यू फिनिश धिस बाय फ्रायडे?’ मला माहीत होतं की होणार नाही, म्हणून मी ‘आय विल ट्राय’ म्हटलं. शुक्रवारी तिने मागितलं. मला वाटलं होतं, तिला कळलं असेल.

नाही कळलं, आणि तो तिचा दोष नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे ‘बघू, घरी विचारून कळवतो’ म्हणाले की मुलाकडचे समजायचं ते समजतात. ती समज दोन्ही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळून घडवलेली आहे. तुझ्या आणि तुझ्या मॅनेजरच्या मध्ये अशी मागची काही वहिवाट नाही. तिने ‘आय विल ट्राय’ म्हणजे ‘करतो’ असंच धरलं.

कामाच्या तारखेबाबत नकार स्पष्ट असला पाहिजे, मऊपणा त्याच्या आजूबाजूला : ‘आय अ‍ॅम अफ्रेड फ्रायडे वोन्ट बी पॉसिबल. द टेस्टिंग अलोन नीड्स टू डेज. आय कॅन गिव्ह यू द फर्स्ट पार्ट ऑन फ्रायडे अँड द रेस्ट ऑन ट्यूजडे. वुड दॅट वर्क?’ नकार, कारण, त्याऐवजी काय, आणि शेवटी तिला विचारणा. या क्रमाने बोललास तर तुला कुणी उद्धट म्हणणार नाही. कारण लांबवू नकोस. घरात लग्न आहे, लाइट गेली होती, आजोबा आजारी आहेत अशी रांग लावली की कारणं सबबीसारखी ऐकू येतात.

उलट बाजूही जाणून घे. ब्रिटिश लोक आपला नकार पुष्कळदा फार पातळ करून देतात. ‘यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट धिस अगेन’ असं ती म्हणाली तर ती सूचना नसून बहुधा ‘हे बदल’ असं सांगणं असतं. शंका आली की विचार : ‘जस्ट टू बी क्लिअर, शुड आय चेंज इट?’ विचारण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : पारोळ्याहून एक निवृत्त शिक्षक. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. मग मोठ्या माणसाशी मतभेद मांडताना मान कुठे दाखवणार? आणि हे सगळे ‘आय सी युअर पॉइंट’ वगैरे म्हणजे एक प्रकारचा दांभिकपणा नाही का? आमची अहिराणी सरळ आहे, पटलं नाही तर ‘नही भो’.

सर, दोन्ही प्रश्न मनापासूनचे आहेत. इंग्रजीतही एकेकाळी ‘दाउ’ (आपल्या ‘तू’सारखं) आणि ‘यू’ अशी जोडी होती. ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून सतराव्या शतकाच्या सुमारास मागे पडलं आणि सगळ्यांना मोठेपणाचं ‘यू’ मिळालं. मान मात्र गेला नाही, तो क्रियापदांत जाऊन बसला. ‘कॅन’चं ‘कुड’, ‘विल’चं ‘वुड’, ‘मे’चं ‘माइट’ झालं. इतकंच नव्हे, वर्तमानातली गोष्ट भूतकाळात नेली की ती अदबीची होते : ‘आय वॉज वंडरिंग इफ वी कुड ट्राय अनदर वे.’ मी आत्ताच विचारत असते, तरी ‘वॉज’. काळाने एक पाऊल मागे सरून उभं राहायचं, जसं आपण मोठ्यांसमोर राहतो. या वाक्यात ‘सर’ नसलं तरी मान पुरेपूर आहे. उलट दर वाक्याला ‘सर’ लावून ‘सर, यू आर राँग सर’ म्हटलं तर त्यात मान येत नाही.

दांभिकपणाचं म्हणाल, तर मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. मुद्दा समजलेलाच नसताना ‘आय सी युअर पॉइंट’ म्हणणं हे खोटंच. माझ्या वर्गात मी एक नियम ठेवते. ज्याला असहमती दाखवायची असेल त्याने आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं : ‘सो यू आर सेइंग दॅट...’ समोरचा ‘यस’ म्हणाला तरच पुढे. हे केलं की ‘आय सी युअर पॉइंट’ आपोआप खरं होतं. आणि पुष्कळदा इथेच कळतं, की आपण ज्याच्याशी भांडायला निघालो ते त्याने म्हटलेलंच नव्हतं.

अहिराणीबद्दल मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. ती सरळ आहे हे खरं, पण नुसती सरळ नाही. ‘नही’च्या मागे लावलेला तो ‘भो’ काय करतो, ते पाहा. नकार देता देता तो माणसाला भाऊ करून घेतो. बांधावर किंवा बाजारात ‘तुनं बरोबर शे, पन...’ हेही आपण रोज ऐकतो. पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी १९७८ मध्ये हाच विषय मांडला तेव्हा इंग्रजीच्या बरोबरीने तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांचे दाखले घेतले होते. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, असं त्यांचं म्हणणं : आपल्याला चांगलं म्हणावं, आणि आपल्यावर कुणी काही लादू नये. असहमती या दोन्हींना धक्का देते, म्हणून सगळ्याच भाषांत तिच्याभोवती काहीतरी लावावं लागतं. खान्देशातली मुलं हे घरून शिकूनच येतात. त्यांना फक्त इंग्रजीत ते कुठे लावायचं ते दाखवावं लागतं. त्यांची भाषा रांगडी म्हणून त्यांना इंग्रजी सौजन्य जमणार नाही, असं कुणी म्हटलं की मला ते मुळीच सहन होत नाही.

प्रश्न : मी धुळ्याची, मुंबईत एका रुग्णालयात आयसीयूत नर्स आहे. डॉक्टर वेगवेगळ्या राज्यांतले, बोलणं इंग्रजीत. कधी डोस जास्त वाटतो, कधी ऐकण्यात गोंधळ होतो. सीनियर डॉक्टरांना उलट बोलल्यासारखं होऊ नये म्हणून मी ‘सर, धिस डोस इज ओके, नो?’ असं विचारते. ते ‘ओके’ म्हणून निघून जातात. माझ्या मनात धाकधूक राहते.

ताई, वरच्या सगळ्यांना मी मऊ बोलायला सांगितलं. तुम्हाला उलट सांगते आहे. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नकार गुंडाळून द्यायचा नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्याने प्रश्नाच्या रूपात विचारलंही. कॅप्टनने ठामपणे ‘झालंय’ म्हटलं आणि विमान धावत राहिलं. शंका बरोबर होती, ती प्रश्नाच्या रूपात आली आणि एका शब्दात विझली. तुमचं ‘ओके, नो?’ त्याच जातीचं आहे. त्यात उत्तर आधीच घातलेलं आहे.

अमेरिकेत रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी टीमस्टेप्स नावाचं प्रशिक्षण आहे. त्यात तीन चढत्या पायऱ्या शिकवतात. पहिली : ‘आय अ‍ॅम कन्सर्न्ड अबाउट धिस डोस.’ दुसरी : ‘आय अ‍ॅम अनकम्फर्टेबल गिव्हिंग इट.’ तिसरी : ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू.’ यात कुठेही ‘यू’ नाही, डॉक्टरांना चूक म्हटलेलं नाही, आणि तरी दुर्लक्ष करता येत नाही. त्याच प्रशिक्षणाचा आणखी एक नियम आहे : पहिल्यांदा ऐकलं गेलं नाही, तर किमान दुसऱ्यांदा सांगायचंच. त्यानंतरही नाही, तर वरच्या माणसाकडे जायचं.

शंकेच्या वाक्यात रुग्ण आणि कारण दोन्ही घाला, जसं मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर : ‘डॉक्टर, आय अ‍ॅम कन्सर्न्ड. बेड फोर’ज क्रिएटिनिन इज हाय. कुड यू चेक धिस डोस विथ मी नाउ?’ शेवटच्या ‘विथ मी नाउ’मुळे त्यांना थांबावं लागतं. आणि तोंडी सांगितलेला आकडा नेहमी परत म्हणून घ्या. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखे ऐकू येतात, म्हणून अंक सुटे करा : ‘वन फाइव्ह, फिफ्टीन?’ यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. एखाद्याला तसं वाटलंच, तरी तुम्ही विचारायचं थांबू नका.

प्रश्न : साक्री तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. ऑनलाइन प्रशिक्षणात मत विचारतात तेव्हा मी ‘अकॉर्डिंग टू मी’ने सुरुवात करतो. बरोबर आहे का? आणि सगळेच आधी ‘सॉरी, माय इंग्लिश इज पुअर’ म्हणतात. ते म्हणणं चांगलं दिसतं का?

‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या मताला किंवा एखाद्या अहवालाला लावतात. स्वतःसाठी ‘आय थिंक’, ‘आय फील’, किंवा जरा औपचारिक ‘इन माय ओपिनियन’. त्यातलंही ‘आय थिंक’ सगळ्यात सहज. प्रत्येक वाक्याला लावू नका, मताला लावा. ‘आय थिंक माय स्कूल हॅज फोर्टी स्टुडंट्स’ असं म्हणू नये, पट काही तुमचं मत नाही.

‘माय इंग्लिश इज पुअर’ मात्र आजपासून बंद करा. तुम्ही मुलांशी कशी अक्षरओळख करता, घरी वेगळी भाषा बोलणारं मूल पहिल्या महिन्यात वर्गात कसं रुळतं, हे ऐकायला ती मंडळी बसलेली असतात. पहिलं वाक्य माफीत गेलं की तुमचं मत येण्याआधीच त्याची किंमत कमी होते. अडलात तर ‘लेट मी पुट इट अनदर वे’ म्हणा आणि पुन्हा सांगा.

आणि दुसऱ्या कुणी ‘माय इंग्लिश इज पुअर’ म्हटलं, तर ही अशी जागा आहे जिथे असहमती ताबडतोब द्यायची. पोमेरांट्झ यांच्या अभ्यासात हेही आहे : माणूस स्वतःला नावं ठेवतो तेव्हा क्षणभराची शांतता म्हणजे होकार ठरतो. तिथे ‘वेल’ नको, ‘आय सी युअर पॉइंट’ तर नकोच. थेट ‘नॉट अ‍ॅट ऑल, वी अंडरस्टँड यू परफेक्टली. प्लीज गो ऑन’ म्हणा आणि त्याला बोलू द्या.